कोरफडीची कुळकथा

शहरांतील मध्यम स्थितीच्या घराच्या सज्जांत तुळशीच्या खालोखाल जर कोणतें झाड हमखास आढळत असेल, तर तें कोरफडीचें. तुळशीला सकाळसंध्याकाळ पाणी मिळतें, दिवा मिळतो, प्रदक्षिणा मिळते. कोरफडीच्या वांट्याला तुटकी कुंडी आणि अडगळीचा कोपरा येतो. आठवडा आठवडा तिच्याकडे कोणी पाहत नाहीं, आणि तरीहि ती मरत नाहीं. घरांत कोणाचा हात पोळला कीं मात्र सुरी घेऊन सारीं माणसें तिच्याकडेच धांवतात. अशा या बिनतक्रार झाडाला जवळजवळ दोन हजार वर्षांचा लेखी इतिहास आहे आणि त्याच्या चिकासाठीं व्यापाऱ्यांनीं समुद्र पालथे घातले आहेत, हें सांगितलें तर पुष्कळांना नवल वाटेल. तो इतिहास आज मी आपणांपुढें थोडक्यांत मांडणार आहें. तो नुसत्या कुतूहलाचा विषय नाहीं. कोरफडीच्या एकाच पानांत दोन अगदीं भिन्न पदार्थ असतात; जगानें शतकानुशतकें त्यांतील एकाचा व्यापार केला आणि अलीकडे दुसऱ्याचा चालविला आहे. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे उपायाचा अपाय होतो. म्हणून ही कुळकथा घरांतील कर्त्या माणसानें ऐकण्याजोगी आहे.

प्रथम पानाची रचना पाहूं. पान आडवें कापलें तर बाहेर हिरवी, जाड, मेणचट साल दिसते. सालीच्या लगेच आंतल्या अंगास रसवाहिन्यांची एक रांग असते आणि तिच्यालगतच्या पेशींत पिवळा, अत्यंत कडू चीक भरलेला असतो. या सर्वांच्या पोटांत कांचेसारखा पारदर्शक गर असतो. त्यांत शेंकडा ९८ हून अधिक भाग पाणीच असतें. पिवळा चीक आटविला म्हणजे जो काळसर, ठिसूळ खडा मिळतो, तोच आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांतील काळा बोळ किंवा एळिया. मुका मार लागला असतां आंबेहळदीबरोबर उगाळून ज्याचा ऊन ऊन लेप देतात, तो हाच. हिराबोळ मात्र अगदीं निराळा; तो अरबस्तान व सोमाली किनाऱ्याकडील एका कांटेरी झाडाचा डिंक होय. बोळ हें नांव दोघांस सामाईक असल्यामुळें दुकानांत मागणी करतांना सावध असावें.

नांवांचा हा घोटाळा केवळ आपल्याकडेच झाला असें नाहीं. इंग्रजी बायबलांत येशूच्या देहाला लावण्यासाठीं आणलेल्या सुगंधी द्रव्यांत जें ‘ॲलोज’ येतें, तें कोरफडीचें नसून अगरूचें सुवासिक लांकूड असावें, असें बहुतेक पंडितांचें मत आहे. तसेंच ज्याला इंग्रज लोक ‘अमेरिकन ॲलो’ म्हणत आले, तें आपलें घायपात. तें मूळचें अमेरिकेंतील, कोरफडीशीं निकटचें नातें नसलेलें झाड. घायपाताचा कोंब आयुष्यांत एकदांच फुलतो आणि मरून जातो. कोरफड एकदां फुलूं लागली कीं वर्षानुवर्षें फुलत राहते. दोघांचीं पानें मांसल आणि कांठाशीं कांटेरी, एवढ्या साम्यावरून हा गोंधळ झाला.

आतां इतिहासाकडे वळूं. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नांवानें ती प्रसिद्ध आहे. भडोच आणि कल्याण या आपल्या ओळखीच्या बंदरांचा तींत उल्लेख आहे. त्याच पुस्तिकेंत दक्षिण अरबस्तानांतील काने बंदरांतून बाहेर जाणाऱ्या मालांत धूप आणि कोरफडीचा बोळ हे दोन पदार्थ नमूद केलेले आहेत. त्याच शतकांतील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस यानें आपल्या औषधिग्रंथांत हा बोळ हिंदुस्थान आणि अरबस्तान या दोन्ही देशांतून येतो असें लिहून ठेवलें आहे. या लोकांना हवा होता तो कडू चीक, आणि तो मुख्यतः रेचक म्हणून. गराची त्यांच्या व्यापारांत गणना नव्हती, व तें स्वाभाविकच होतें. गर कापल्यावर थोड्याच वेळांत नासतो. वाळलेला चीक वर्षानुवर्षें टिकतो. ज्या काळीं माल महिने महिने जहाजांत पडून राही, त्या काळीं टिकाऊपणा हीच पहिली परीक्षा होती.

या बोळाचें सर्वांत नामांकित माहेर म्हणजे अरबी समुद्रांतील सोकोत्रा बेट. अल्-मसूदी, अल्-इद्रीसी इत्यादि अरब भूगोलकारांनीं अशी कथा सांगितली आहे कीं, ॲरिस्टॉटलनें सिकंदर बादशहाला हें बेट केवळ बोळासाठीं हस्तगत करण्याचा सल्ला दिला आणि सिकंदरानें तेथें ग्रीक लोकांची वसाहत करविली. या कथेला इतिहास म्हणतां येणार नाहीं. पण त्या काळीं या मालाची प्रतिष्ठा केवढी होती, हें तिच्यावरून दिसतें. पुढें १५०७ सालीं पोर्तुगीजांनीं तांबड्या समुद्राचें तोंड अडविण्याच्या हेतूनें सोकोत्रा जिंकलें, पण त्या रुक्ष बेटावर टिकाव न लागल्यामुळें १५११ सालीं तें सोडून दिलें. सतराव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें सुरतेकडे येतांना वाटेंत सोकोत्र्यास नांगर टाकून तेथील सुलतानाकडून बोळ विकत घेत. जहांगीर बादशहाच्या दरबारीं वकील म्हणून आलेला सर टॉमस रो हाहि १५१५ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १६१५ सालीं, याच वाटेनें आला.

या इतिहासांत गोव्याचेंहि एक मानाचें पान आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा १५३४ सालीं गोव्यास आला आणि हिंदुस्थानांतील औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. त्यांतील प्रास्ताविकानंतरचा पहिलाच औषधिविषयक संवाद बोळावर आहे. युरोपांतून नुकत्याच आलेल्या एका कल्पित वैद्याच्या प्रश्नांना ओर्ता उत्तरें देतो, अशी त्याची मांडणी आहे. त्यानें टिपलेल्या देशी नांवांपैकीं ‘कातेकोमेर’ या नांवांत आपला ‘कुमारी’ हा शब्द कोणालाहि ओळखूं येईल. पुस्तकी विद्येवर न विसंबतां बाजारांत जाऊन, स्थानिक हकिमांना आणि वैद्यांना विचारून नांवें लिहून घेणारा हा माणूस होता.

माल काढण्याची रीत देशोदेशीं निराळी होती. सोकोत्र्यांत जमिनींत उथळ खळगा करून त्यांत बकऱ्याचें कातडें अंथरीत आणि कापलेलीं पानें कापलेली बाजू आंत येईल अशीं त्याच्याभोवतीं रचीत. चीक आपोआप ठिबकून कातड्यांत सांचे. अटलांटिकपलीकडील बार्बाडोस बेटावर इंग्रज मळेवाल्यांनीं सतराव्या शतकांत कोरफडीची लागवड केली. तेथें पानें उतरत्या लांकडी डोणींत उभीं ठेवून चीक गोळा करीत, तो तांब्याच्या काहिलींत आटवीत आणि वाळलेल्या भोपळ्यांत भरून लंडनला पाठवीत. एकोणिसाव्या शतकांत सोकोत्र्याच्या बोळाचा मोठा भाग मुंबईच्या बाजारांतून विलायतेस जाई.

नांवाच्या बाबतींत येथें एक मौजेची गोष्ट घडली. सोकोत्र्याची प्रसिद्ध कोरफड ही आपल्या कुंडींतील कोरफडीहून वेगळ्या जातीची आहे, हें १८८० सालीं वनस्पतिशास्त्रज्ञ बाल्फोर त्या बेटावर जाऊन आल्यानंतर स्पष्ट झालें. १८८१ सालीं तिला ‘ॲलो पेरियाय’ असें नांव मिळालें. आपल्या कोरफडीला १७६८ सालच्या एप्रिल महिन्यांत दोन शास्त्रज्ञांनीं दोन नांवें दिलीं. बर्मनचें ‘ॲलो व्हेरा’ हें नांव मिलरच्या ‘ॲलो बार्बाडेन्सिस’ या नांवाच्या दहाएक दिवस आधीं छापलें गेलें, आणि तेवढ्या आघाडीवर तेंच नांव कायम झालें. ‘व्हेरा’ म्हणजे खरी. या खऱ्या कोरफडीचें मूळ घर कोणतें, हें मात्र दीर्घकाळ अनिश्चित होतें, कारण मनुष्यानें ती इतक्या देशांत नेली कीं रानटी आणि लावलेली यांतील सीमाच पुसली गेली. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें तिचे सर्वांत जवळचे सोयरे अरबस्तान द्वीपकल्पांत असल्याचें दाखविलें.

परक्या मुलुखाची असली तरी आपल्या वैद्यकानें तिला घरची लेक मानलें. कुमारी, घृतकुमारी, गृहकन्या हीं तिचीं संस्कृत नांवें तेंच सांगतात. शार्ङ्गधरसंहितेंत कुमार्यासव आहे; भावप्रकाशांत तिचे गुण सांगतांना ती मळ मोकळा करणारी आहे हेंहि सांगितलें आहे. घरगुती वापरांत भाजलेल्या, केसांना लावलेल्या, हळद घालून खोकल्यावर दिलेल्या गराची परंपरा आपल्याकडे आहेच.

आतां कथेचा महत्त्वाचा भाग. १८५१ सालीं एडिंबरो येथील स्मिथ बंधूंनीं बोळांतून त्याचें कडू सत्त्व, म्हणजे ‘ॲलोइन’, वेगळें काढलें आणि रेचक गुण कशांत आहे तें कळलें. पुढें १९३५ सालीं अमेरिकेंत कॉलिन्स पितापुत्रांनीं क्ष-किरणांनीं होरपळलेल्या कातडीवर ताजें पान लावून आलेला गुण प्रसिद्ध केला, आणि जगाचें लक्ष चिकावरून गराकडे वळलें. आज दुकानांतील मलमें, साबण, पेयें यांवर कोरफडीचें जें चित्र असतें, तें या दुसऱ्या युगाचें चिन्ह आहे. पण पान तेंच असल्यामुळें धोकाहि तोच राहिला आहे. सबंध पान सालीसकट वाटून त्याचा रस प्यायला तर त्यांत गराबरोबर पिवळा चीकहि पोटांत जातो; मुरडा, जुलाब आणि शरीरांतील क्षारांचा तोल बिघडणें हे त्याचे परिणाम. गरोदर स्त्रीनें तर तो मुळींच घेऊं नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २००२ सालीं, डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकल्या जाणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा चीक वगळला, कारण तो निर्धोक असल्याचा पुरावा कोणीं पुढें आणला नाहीं. त्याच देशांत सबंध पानाचा न गाळलेला अर्क दोन वर्षें पाण्यांतून दिलेल्या उंदरांच्या आंतड्यांत गांठी आढळल्या; त्या आधारें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें अशा अर्काला संभाव्य कर्ककारक द्रव्यांत घातलें. हा निर्णय सबंध पानाच्या अर्काविषयीं आहे, निव्वळ गराविषयीं नाहीं, हें लक्षांत ठेवावें. त्याचप्रमाणें ‘झाडपाल्याचें औषध, त्यानें काय होणार’ हें वाक्य पुनः उच्चारण्यापूर्वींहि तें आठवावें.

उपाय अवघड नाहीं. खालचें, बाहेरच्या अंगाचें, पुरतें वाढलेलें पान बुंध्याशीं कापावें. कापलेलें टोंक खालीं करून तें अर्धा घटकाभर उभें ठेवावें, म्हणजे पिवळा चीक निथळून जातो. मग कांठाचे कांटे व साल काढून गर स्वच्छ पाण्यानें धुवावा. किरकोळ भाजलें असेल तर आधीं त्यावर थंड पाणी सोडावें, मग गर लावावा. जखम खोल असेल तर कोरफडीचा विचार न करतां वैद्याकडे जावें.

झाडाची निगा राखणें याहून सोपें आहे. कोरफड रुक्ष प्रदेशांतली. इतर झाडें दिवसां पानांचीं रंध्रें उघडतात. ही रात्रीं उघडते, आणि त्यामुळें तिचें पाणी उन्हांत उडून जात नाहीं. म्हणून ती उपासानें मरत नाहीं; मरते ती अतिकाळजीनें. तळाशीं भोंक असलेली मातीची कुंडी घ्यावी. मातींत वाळू किंवा विटांचा चुरा भरपूर मिसळावा, शेणखत मूठभर पुरे. माती बोटभर खोलपर्यंत कोरडी झाल्याखेरीज पाणी घालूं नये आणि पावसाळ्यांत कुंडी वळचणीखालीं घ्यावी, नाहींतर मुळें कुजतात. पानांच्या बेचक्यांत पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्यानें पुसून काढावा. बुंध्याशीं येणारीं पिल्लें सुटीं करून, एकदोन दिवस सावलींत ठेवून लावावीं. भरपूर ऊन मिळालें तर तीनचार वर्षांच्या झाडाला हिंवाळ्याच्या सुमारास हात दीड हात उंचीचा दांडा येतो आणि त्यावर पिवळ्या नळ्यांसारखीं खालीं झुकलेलीं फुलें लागतात. त्यांतील मधासाठीं शिंजीर पक्षी शहरांतील गॅलरींतहि येतो. सावलींतील कुंडींत हें भाग्य लाभत नाहीं.

एडवर्ड लेन या इंग्रज पंडितानें १८३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत कैरो शहरांतील एक चाल नोंदली आहे. तेथें घराच्या दारावर कोरफड टांगीत. माती नाहीं, पाणी नाहीं, तरी ती कित्येक वर्षें जगे, प्रसंगीं फुलेहि. आपल्याकडेहि कांहीं घरांच्या दाराशीं ती उलटी टांगलेली दिसते. अरबी भाषेंत कोरफडीचें नांव आणि धीर या अर्थाचा ‘सब्र’ हा शब्द एकाच धातूचे आहेत. स्पॅनिश लोकांचा ‘असीबार’ आणि पोर्तुगीजांचा ‘अझेव्र’ हे कडू बोळाचे शब्द तेथूनच निघाले. आणि फारसीच्या वाटेनें आपल्या मराठींत आलेली ‘सबुरी’ हीहि त्याच घराण्यांतली. चवीला कडू आणि स्वभावानें चिवट अशा या झाडाला याहून समर्पक सोयरीक मिळाली नसती. पान कापल्यावर चीक निथळेपर्यंत थांबावयाचें, एवढीच सबुरी तें आपल्याकडून मागतें.