चंडीगडची खुर्ची : आधुनिक रचना आणि जपणुकीचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या मध्यास घडलेल्या साध्या, अलंकरणरहित आणि उपयोगावर भर देणाऱ्या गृहरचनेला आज ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात. कॅरा ग्रीनबर्ग यांच्या 1984 मधील पुस्तकामुळे हे नाव रूढ झाले. या शैलीचा विषय निघाला की अमेरिका किंवा डेन्मार्क आठवते. परंतु तिचे एक महत्त्वाचे उदाहरण आपल्याच देशात, चंडीगडमध्ये आहे.

पार्श्वभूमी

1947 च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या राजधानीच्या आराखड्याचे काम 1951 मध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. ते अधूनमधून येत. नात्याने त्यांचे भाऊ असलेले प्येर जान्नरे मात्र 1965 पर्यंत तेथेच राहिले. सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ या सर्वांना हजारो खुर्च्या, टेबले, कपाटे हवी होती. जान्नरे आणि युली चौधरींसारख्या भारतीय सहकाऱ्यांनी ती रेखाटली, स्थानिक सुतारांनी घडवली.

रचनेचा विचार

याच जान्नरे यांनी 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये पोलादी नळ्यांचे फर्निचर केले होते. चंडीगडमध्ये त्यांनी सागवान आणि वेत वापरला. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, वेताच्या विणीतून हवा खेळते आणि दोन्हींवर काम करणारे कारागीर जवळ होते.

या खुर्चीचे दोन्ही बाजूंचे पाय उलट्या ‘व्ही’सारखे वर एकत्र येतात आणि बैठकीची आडवी पट्टी त्यांना जोडते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना कारण लगेच कळेल. सांधे सैल झाले की चौकोन कलतो; त्रिकोणाचा आकार मात्र बाजूंची लांबी बदलल्याशिवाय बदलत नाही. म्हणजे येथे जे देखणे दिसते, तेच भारही पेलते.

भंगार ते लिलाव

पुढे मोडक्या खुर्च्या गच्च्यांवर आणि अडगळीत साठल्या. कार्यालयांनी त्या भंगार म्हणून विकल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, दुरुस्त केल्या आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांना लाखो रुपये मिळू लागले. कार्यालयाने नोंदीसाठी रंगवलेला क्रमांक, म्हणजे सरकारी मालकीची खूण, तेथे अस्सलपणाचा पुरावा ठरला.

2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वारसा-फर्निचरच्या विक्रीवर व निर्यातीवर बंदी घातली. 2016 मध्ये चंडीगडचे कॅपिटल कॉम्प्लेक्स जागतिक वारसा यादीत आले. तरीही अडचण राहते. पुरावस्तूंविषयीच्या 1972 च्या कायद्यानुसार अशी वस्तू ‘पुरावस्तू’ ठरण्यासाठी किमान 100 वर्षे जुनी असावी लागते. या खुर्च्या त्या वयाच्या नाहीत. त्यामुळे परदेशात गेलेल्या वस्तूंवर हक्क सांगणे कठीण जाते.

निष्कर्ष

येथे मुख्य प्रश्न पारखीचा आहे. वस्तू चांगली आहे हे तिची किंमत परक्या बाजारात ठरल्यावरच कळावे काय? लिलावाच्या पत्रकात जान्नरे यांचे नाव ठळक असते; घडवणाऱ्या सुतारांची नावे बहुधा नसतात. आपल्या महाविद्यालयाच्या अडगळीच्या खोलीतील जुने टेबल एकदा उलटून पाहावे : लाकूड कोणते, सांधा कसा, क्रमांक कोणता. ही नोंद वस्तू भंगारात जाण्यापूर्वी व्हायला हवी.