भिंतीतले पाणी: एक लघु इतिहास

१/ थंड प्रदेशात घराच्या भिंतीला पाणी दोन्ही बाजूंनी गाठते: बाहेरून पाऊस व वितळते हिम, आतून स्वयंपाकाची, आंघोळीची आणि श्वासाची वाफ.

२/ १९३० च्या दशकात अमेरिकेत लाकडी भिंतींत उष्णतारोधक थर भरले जाऊ लागले आणि बाहेरच्या फळ्यांवरील रंग सुटू लागला. रंगाऱ्यांनी थरालाच दोष दिला. वास्तविक थरामुळे फळ्या अधिक गार राहत आणि आतली वाफ तेथे पोहोचून ओल धरी. मिनेसोटा विद्यापीठात फ्रँक रौली यांनी बाष्पाचा हा प्रवास अभ्यासला. उबदार बाजूस बाष्परोधक पडदा, हा उपाय रूढ झाला.

३/ बाहेरचे पाणी उरलेच. १९६३ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील जी. के. गार्डन यांनी मांडले की गळतीसाठी पाणी, फट आणि ढकलणारे बल ही तिन्ही लागतात. प्रत्येक फट बुजवणे अशक्य. म्हणून आवरणामागे हवेची पोकळी ठेवावी, दाब समतोल करावा, शिरलेले पाणी निथळू द्यावे.

४/ तरीही १९८० नंतर व्हँकुव्हर परिसरात वळचणीविना, पोकळीविना गिलावा केलेल्या अनेक लाकडी इमारती उभ्या राहिल्या. आत गेलेले पाणी बाहेर पडेना. लाकूड कुजले, दुरुस्तीच्या खर्चाने कुटुंबे खचली. १९९८ मध्ये डेव्ह बॅरेट आयोगाने चौकशी केली.

५/ गार्डन यांचा लेख आणि हा आयोग यांत ३५ वर्षांचे अंतर आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधाच्या तारखेइतकीच तो कारागिराच्या हाती पोहोचल्याची तारीखही शोधावी लागते.