राणीची रोजनिशी आणि राणीचा जाहीरनामा

इंग्लंडच्या सिंहासनावर व्हिक्टोरिया राणी २० जून १८३७ रोजी आली, तेव्हा तिला अठरावे वर्ष पूर्ण होऊन अवघे चार आठवडे झाले होते. २२ जानेवारी १९०१ रोजी ऑस्बोर्न येथे तिचे निधन झाले. या त्रेसष्ट वर्षांच्या कारकिर्दीचा विक्रम पुढे सप्टेंबर २०१५मध्ये तिच्याच पणतूची मुलगी दुसरी एलिझाबेथ हिने मोडला. परंतु एका संपूर्ण युगाला आपले नाव देण्याचा मान मात्र व्हिक्टोरियाकडेच राहिला. आपल्याकडील समीक्षेतही 'व्हिक्टोरियन' हे विशेषण सर्रास वापरले जाते आणि त्याचा अर्थ बहुधा 'सोवळा', 'दांभिक', 'शरीराविषयी बोलण्यास कचरणारा' असा घेतला जातो. या विशेषणाचा त्या बाईशी नेमका संबंध किती, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारायला हवा. कारण तो अखेरीस संहितेचा प्रश्न आहे.

व्हिक्टोरिया ही आयुष्यभर लिहीत राहिलेली स्त्री होती. १८३२ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, आईने दिलेल्या वहीत तिने रोजनिशी लिहिण्यास आरंभ केला आणि मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत ती चालू ठेवली. १८६८ साली स्कॉटलंडमधील वास्तव्यासंबंधीच्या रोजनिशीतील निवडक भाग तिने स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. राज्यावर असलेली राणी लेखिका म्हणून वाचकांपुढे आली आणि पुस्तक अफाट खपले. तरीही आज आपण जिला 'राणीची रोजनिशी' म्हणतो, ती बव्हंशी तिच्या हातची नाही. धाकटी कन्या बिअ‍ॅट्रिस हिच्यावर राणीने या वह्यांची जबाबदारी सोपविली होती. बिअ‍ॅट्रिसने आईच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षे बसून त्यांची नक्कल केली. नक्कल करताना जे तिला अनुचित वाटले ते गाळले, आणि मूळ वह्या जाळून टाकल्या. तिच्या हातच्या १११ वह्या आज उपलब्ध आहेत. लॉर्ड एशर यांनी आरंभीच्या वर्षांची, म्हणजे १८४०मधील विवाहाच्या सुमारापर्यंतची, एक प्रत मुळावरून आधीच टंकलिखित करून घेतली होती. ती शेजारी ठेवून पाहिली की लेकीच्या कात्रीने काय काय गेले असेल याचा अंदाज येतो: नव्या नवरीचा उघड आनंद, माणसांविषयीचे तिखट शेरे, भावनेचा उमाळा. १८४०नंतरच्या साठ वर्षांसाठी मात्र असे ताडून पाहण्याचे साधन उरलेले नाही.

पत्रांचीही कथा याहून फार वेगळी नाही. एशर आणि आर्थर बेन्सन यांनी १९०७ साली राणीच्या १८६१पर्यंतच्या पत्रव्यवहाराचे तीन खंड संपादित केले. दोघांचीही दृष्टी राज्यकारभाराची. त्यामुळे प्रधानांशी झालेला पत्रव्यवहार आला. बायकांनी बायकांना लिहिलेली पत्रे त्यांना क्षुल्लक वाटली. जर्मनीत दिलेल्या थोरल्या मुलीला राणीने चाळीसेक वर्षे सातत्याने लिहिलेली पत्रे १९६४पासून पुस्तकरूपाने येऊ लागली आणि वेगळीच बाई समोर आली. नऊ मुलांची ही आई गर्भारपणाचा मनस्वी तिटकारा करते. त्या अवस्थेत स्त्रीला जनावराची कळा येते असे लेकीला स्पष्ट सांगते. १८५३ साली, धर्ममार्तंड आणि काही वैद्यही नाके मुरडत असताना, तिने प्रसूतीत क्लोरोफॉर्म घेतले होते. नवऱ्याच्या वाढदिवसाला ती विवस्त्र स्त्रियांचे भव्य तैलचित्र भेट देते. हीच राणी स्त्रियांच्या हक्कांची चळवळ म्हणजे खुळेपणा आहे असेही १८७० साली संतापून लिहिते. अशा व्यक्तीला 'व्हिक्टोरियन' हा तिच्याच नावाचा अंगरखा नीट बसत नाही.

हे सारे झाले खाजगी राणीविषयी. हिंदुस्थानात मात्र तिचे रूप अगदी निराळ्या अर्थाने 'लिखित' होते. ती येथे कधी आली नाही. १८८७पासून मुन्शी अब्दुल करीम याच्याकडून तिने हिंदुस्थानी शिकण्याचा चिकाटीने प्रयत्न केला. त्या सरावाच्या वह्या टिकल्या, पण तिने मुन्शीला लिहिलेली पत्रे तिच्या मुलाने राज्यावर येताच जाळावयास लावली. येथील प्रजेला ती ठाऊक होती ती नाण्यावरच्या मुखवट्याने, पुतळ्यांनी, आणि सर्वांत अधिक एका कागदाने: १ नोव्हेंबर १८५८च्या जाहीरनाम्याने.

या जाहीरनाम्याच्या जन्माची कथा उद्बोधक आहे. प्रधानमंडळाकडून आलेला पहिला मसुदा राणीला पसंत पडला नाही. रक्तरंजित युद्धानंतर कोट्यवधी पौर्वात्य लोकांशी एक स्त्री बोलत आहे हे ध्यानात ठेवून, औदार्य, सदिच्छा आणि धार्मिक सहिष्णुता यांचा सूर त्यात यावा, असे तिने प्रधानमंत्री डर्बी यांना कळविले. म्हणजे वाङ्मयीन परिभाषेत सांगायचे तर तिने मजकुरापेक्षा निवेदकाचा आवाज बदलून घेतला. परिणाम असा झाला की अलाहाबादेस कॅनिंगने वाचून दाखविलेला हा सरकारी कागद लोकांनी सरकारचा न मानता 'राणीचा' मानला. कोणावर धर्म लादला जाणार नाही. आणि वंश वा धर्म न पाहता शिक्षण, कर्तबगारी व सचोटी यांच्या बळावर प्रजाजनांना सरकारी अधिकारपदे खुली राहतील, ही त्यातली प्रमुख अभिवचने. दुसऱ्या अभिवचनात 'शक्य असेल तेथवर' अशा अर्थाची एक लहानशी पुस्ती होती. पुढचे अर्धशतक वाद चालला तो या पुस्तीवरच.

महाराष्ट्राने हा कागद किती बारकाईने वाचला याचे दाखले उद्बोधक आहेत. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. व्हाइसरॉय लिटन स्वतः टोपणनावाने कविता लिहिणारा. समारंभाची आखणी त्याने कविकल्पनेस शोभेल अशीच केली. त्या वेळी दख्खनेत आणि मद्रास इलाख्यात माणसे भुकेने मरत होती. याच दरबारात पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हाती विणलेली खादी नेसून उपस्थित राहिले आणि हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेइतकाच राजकीय व सामाजिक दर्जा मिळावा अशी मागणी करणारे मानपत्र त्यांनी सादर केले. मानपत्राच्या रूपात मागणी! जाहीरनाम्याची भाषा त्याच्या कर्त्यांवरच उलटविण्याची ही रीत आहे.

अकरा वर्षांनी, १८८८ साली, पुण्यात राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. येथे जमलेली जडजवाहिरांनी मढलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यांत आहे, हे आपल्या मातोश्रींना सांगा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. जोशी आणि फुले यांची सामाजिक भूमिका परस्परांहून फार भिन्न. पण दोघांनीही राणीला अधिकाऱ्यांच्या डोक्यावरून थेट उद्देशून बोलण्याची युक्ती वापरली. ही राजनिष्ठा होती की राजनिष्ठेचा पेहराव केलेला जाब, हे ठरविणे सोपे नाही. बहुधा ती दोन्ही होती.

पण जाब विचारणारा कागद उत्तर देत नाही, तेव्हा काय होते? लिटनने १८७८ साली एका गुप्त पत्रात कबूल केले होते की या अपेक्षा कधीच पुऱ्या होणार नाहीत. आपल्यापुढे त्यांना मनाई करणे किंवा फसविणे हे दोनच मार्ग होते आणि आपण दुसरा निवडला. दादाभाई नौरोजींनी हे पत्र पुढे वारंवार साहेबांसमोर धरले. चापेकर बंधूंनी मात्र वाचनाचा मार्गच सोडला. १८९६ साली दामोदर चापेकरांनी मुंबईतील राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले. आणि २२ जून १८९७ रोजी, राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या बंगल्यावरून परतणाऱ्या प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडण्यात आली. प्लेगच्या बंदोबस्तात घराघरांत झालेल्या झडत्यांचा तो सूड होता. पण मुहूर्त राणीच्या उत्सवाचा निवडला गेला, हे विसरता येत नाही. ज्या वर्षी ती वारली त्याच १९०१ साली दादाभाईंचा 'पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया' हा ग्रंथ निघाला. जाहीरनाम्याच्या कसोटीवर राज्याला तोलण्याच्या परंपरेचा तो कळस.

आता दोन्ही संहिता शेजारी ठेवून पाहाव्यात. रोजनिशी राणीने स्वतः लिहिली, पण दुसऱ्यांनी ती इतकी सोवळी केली की तिचा आवाज आपल्याला चुकतमाकत ऐकावा लागतो. जाहीरनामा दुसऱ्यांनी लिहिला, तिने केवळ सूर बदलायला लावला, आणि तोच हजारो मैलांवर तिचा खरा आवाज ठरला. पहिलीच्या बाबतीत संपादक प्रबळ ठरले, दुसरीच्या बाबतीत वाचक. विद्यार्थ्यांना 'व्हिक्टोरियन काळ' शिकविताना आपण कादंबरीकार आणि कवी यांच्याकडे वळतो, ते योग्यच आहे. परंतु त्या काळाचे एक अत्यंत जागरूक वाचन पुण्यात, खादी नेसून आणि घोंगडी पांघरून, चालले होते. एका लहानशा पुस्तीवर बोट ठेवून 'याचा अर्थ काय?' असे राज्यकर्त्याला विचारणे, हीसुद्धा समीक्षाच. तिची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासांत अजून पुरेशी झालेली नाही.