हार्ड डिस्कमधील जागा जाते कुठे?

एक टेराबाइटची नवी हार्ड डिस्क संगणकाला जोडली, की पडद्यावर ९३१ जीबी एवढीच क्षमता दिसते. उरलेली ६९ जीबी जागा दुकानदाराने किंवा कंपनीने लाटली, असा ग्राहकाचा समज होतो. प्रत्यक्षात एक बाइटही गहाळ झालेला नसतो.

सातारा-सांगलीकरांना हा प्रकार कोयना धरणाच्या आकड्यांवरून चटकन उमगेल. धरणाची एकूण साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजेच अब्ज घनफूट. तेच पाणी दशलक्ष घनमीटरमध्ये मोजले, तर आकडा सुमारे २,९८० होतो. पाणी तेवढेच, माप निराळे. डिस्क बनविणाऱ्या कंपन्या १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजते. तिच्या हिशेबी १ जीबी म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट. एक लाख कोटी बाइटना या संख्येने भागले, की ९३१ हा आकडा येतो. माप जसे मोठे, तशी तफावतही वाढते. २ टीबीची डिस्क १.८१ टीबी दिसते.

घनफूट आणि घनमीटर यांना निदान नावे तरी वेगळी आहेत. येथे दोन्ही मापांना 'जीबी'च म्हटले जाते, आणि खरा घोळ तोच आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९९८ मध्ये १०२४ च्या मापासाठी 'गिबिबाइट' हे स्वतंत्र नाव ठरविले. विंडोजने ते वापरले नाही. ॲपलने २००९ मध्ये मॅकवर दशमान मोजणी आणली, त्यामुळे तेथे तीच डिस्क १ टीबी दिसते.

थोडी जागा मात्र खरोखरच हाती लागत नाही. कोयनेतील पाच टीएमसीहून किंचित अधिक पाणी मृतसाठा म्हणून गणले जाते, तशी डिस्कवरही फायलींच्या नोंदींसाठी काही जागा अडकते. लॅपटॉपमध्ये प्रणाली पूर्ववत करण्यासाठीचा वेगळा भागही राखलेला असतो.

शंका असल्यास डिस्कच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडावे. तेथील बाइटची संख्या एक लाख कोटींच्या आसपास असेल, तर माल चोख समजावा. पेन ड्राइव्हबाबत मात्र एवढ्यावर विसंबू नये. स्वस्तातल्या बनावट पेन ड्राइव्हमधील चिप भलतीच मोठी क्षमता खुशाल दाखविते, आणि खरी जागा संपल्यावर भरलेली छायाचित्रे पुढे उघडतच नाहीत. असा ड्राइव्ह परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी एकदा काठोकाठ भरून, त्यातील फायली उघडून पाहाव्यात.