पार्ल्याचें टिळक-स्मारक

थोर पुरुष दिवंगत झाला म्हणजे त्याचें स्मारक करावयाचें, ही जगाची रीत आहे. परंतु त्या स्मारकाचा पुढील पिढीस उपयोग काय, हा विचार क्वचितच होतो. मुंबईच्या उपनगरांतील विलेपार्ल्याच्या रहिवाशांनीं तो केला. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईंत निवर्तले आणि १९२१ सालीं पार्ल्यांत त्यांच्या नांवानें शाळा निघाली: पार्ले टिळक विद्यालय. १८८० सालीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांपैकीं टिळक एक होते. तेव्हां या स्मारकांत औचित्यही होतें.

त्या वेळीं पार्लें मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होतें. नोकरी शहरांत आणि बिऱ्हाड उपनगरांत, अशा कुटुंबांचा एक गांव व्हावा कसा? जुन्या गांवाला चावडी असते, देऊळ असतें. नव्या वस्तींत तें काम पुष्कळदां शाळेला करावें लागतें. मुलें एका बाकावर बसलीं कीं आईबापांची ओळख आपोआप होते. पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. पुढें १९५९ सालीं याच संस्थेनें महाविद्यालयही काढलें; तेंच आजचें साठये महाविद्यालय.

२०२१ सालीं शाळेला शंभर वर्षें झालीं. आतां संस्थेची इंग्रजी माध्यमाची शाळाही आहे आणि मराठी घरांतील कितीतरी मुलें त्या माध्यमाकडे वळतात. मराठी वर्ग भरलेले राहावेत कीं नाहीं, हें कोणतीही समिती ठरवूं शकत नाहीं. तें घरोघरीं, मुलाला शाळेंत घालतेवेळीं ठरतें. आपल्या घरीं ती वेळ येईल तेव्हां शंभर वर्षांपूर्वींच्या त्या पार्लेकरांचें स्मरण व्हावें, एवढीच विनंती.