मुक्तस्रोत गृहस्वयंचलन सर्व्हर

घरातील दिवे, पाण्याची मोटर, कुलपे, संवेदक यांचा कारभार घरातच ठेवलेल्या छोट्या संगणकावरून चालवणारी, उगमसंहिता सर्वांना खुली असलेली प्रणाली. काइ क्रॉयत्सर यांची ‘ओपनहॅब’ (2010) आणि पॉलस स्खाउट्सन यांनी 2013 मध्ये पायथन भाषेत सुरू केलेली ‘होम असिस्टंट’ ही तिची ठळक उदाहरणे. ती फुकट मिळते, पण तिचे खरे मोल निर्णय घरातल्या घरात होण्यात आहे. टाकीतला संवेदक पातळी कळवतो, सर्व्हर मोटर बंद करतो. निरोप दूरच्या कुठल्या कंपनीकडे जाऊन येत नाही. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेच्या महापुराने वेढलेल्या कोल्हापूरसारख्या शहरात हे महत्त्वाचे ठरते, कारण इंटरनेट तुटले तरी घरातले वायफाय चालू असेपर्यंत ही व्यवस्था चालते. कंपनीवर विसंबण्याचा धोका वेगळाच. नेस्ट या कंपनीने विकत घेतलेल्या ‘रिव्हॉल्व’ या गृहस्वयंचलन हबची सेवा 2016 मध्ये बंद झाली आणि लोकांच्या घरातली धडधाकट उपकरणे निकामी झाली.

वीजच गेली तर काय, हा आक्षेप रास्त आहे. मोटर फिरणार नाही हे खरे; पण सर्व्हर म्हणून वापरला जाणारा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक जेमतेम काही वॅट खातो, घरच्या इन्व्हर्टरला तो जड नाही. मांडणी किचकट आहे, हा आक्षेप अधिक वजनदार. अद्ययावत आवृत्त्या आणि बॅकअप यांची काळजी कुणीतरी घ्यावीच लागते. मात्र संहिता खुली असल्याने ते काम गल्लीतला इलेक्ट्रिशियनही शिकून घेऊ शकतो. कंपनीच्या बंद सेवेत त्याला हात घालायला जागाच नसते.