न झालेले मृत्यू मोजायचे कसे? अहमदाबादच्या उष्णता कृती आराखड्याची कथा

१/८
महानगरपालिकेने हवामानबदलाला तोंड देण्यासाठी आखलेले धोरण यशस्वी झाले, हे कशावरून ठरवावे? बांधलेला पूल दिसतो; टळलेला मृत्यू मात्र कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही. अहमदाबादने ही अडचण कशी सोडवली, ते पाहू.

२/८
मे २०१०. शहराचा पारा ४६.८ अंशांवर गेला. या उन्हाने किती बळी घेतले, हे दाखल्यांवरून कळणे अवघड होते. उष्णतेने दगावलेल्या माणसाच्या मृत्यूचे कारण बहुधा हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेच नोंदवले जाते.

३/८
म्हणून संशोधकांनी कारणे बाजूला ठेवून एकूण मृत्यू मोजले. मे २००९ आणि मे २०११ यांची सरासरी ३,११८. मे २०१० चा आकडा ४,४६२. म्हणजे १,३४४ अतिरिक्त मृत्यू, सुमारे ४३ टक्के वाढ.

४/८
ही युक्ती जुनी आहे. १६६२ मध्ये जॉन ग्राँट याने लंडनच्या मृत्युयाद्या तपासून, प्लेगचे बळी नोंदींहून अधिक असावेत, हे याच रीतीने ताडले होते.

५/८
२०१३ मध्ये महानगरपालिकेने उष्णता कृती आराखडा लागू केला. दक्षिण आशियातील हा पहिलाच आराखडा. तापमानानुसार रंगांचे इशारे, पिण्याच्या पाण्याची सोय, डॉक्टर व आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण, लोकजागृती, असे त्याचे स्वरूप होते. खर्च माफक, सारी भिस्त समन्वयावर.

६/८
परिणाम काय झाला? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २००७–१० आणि २०१४–१५ या कालखंडांची तुलना केली. ४७ अंश तापमानाला मृत्यूचा धोका पूर्वी २.३४ पट होता, तो नंतर १.२५ पट उरला. वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले, असा अंदाज निघाला.

७/८
पण हा आकडा जपून वापरावा. त्याची शक्य मर्यादा १६२ ते २,२१८ इतकी विस्तृत आहे. आधीच्या कालखंडात २०१० चे भीषण वर्षही येते. शिवाय त्या काळात वीज, रुग्णालये, राहणीमानही बदलत होते. सारे श्रेय आराखड्याला देता येत नाही. तरीही सर्वांत मोठी घट सर्वाधिक तापमानाच्या दिवसांत दिसावी, हा आराखड्याच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे.

८/८
पुढे नागपूरसह अनेक शहरांनी असे आराखडे केले. मात्र रोजच्या मृत्यूंची चोख नोंद आणि 'आधी' व 'नंतर'ची प्रामाणिक तुलना नसेल, तर आराखडा केवळ कागद उरतो. हवामान धोरणाचा इतिहास उद्या लिहिला जाईल तो घोषणांवरून नव्हे. महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातील त्या रुक्ष वह्यांवरून.